आत्याच्या नावाचा ठिपका

वेधशाळेत लघुग्रहांची वर्गवारी करणाऱ्या पोरीला सगळे ठिपकी म्हणत, कारण उभा जन्म तिने ठिपके बघण्यातच घालवायचा ठरवला होता. आकाशातला कुठलाही धोंडा तिच्यापुढे आला की दोन प्रश्न ठरलेले: बाबा, तू कशाचा, आणि जातोस कुठून? कोळशासारखा काळा, दगडाचा की लोखंडाचा, हे त्याच्यावरून परतलेल्या उजेडावरून कळे. रस्ता मात्र रोज वेध घेतल्यावरच उमगे: मंगळापलीकडच्या पट्ट्यात मुकाट फिरणारा, की पृथ्वीची वाट ओलांडणारा आगाऊ.

तिथे एक रिवाज होता. रस्ता पक्का होईपर्यंत नव्या धोंड्याला घरच्याच कुणाच्या तरी नावाने हाक मारायची. ठिपकीने मोठ्या प्रेमाने आत्याचं नाव दिलं. आत्यानेच तिला लहानाचं मोठं केलेलं.

"कसला आहे गं?" जेवताना आत्याने विचारलं.

"कोळशी असावा. काळाकुट्ट, डोंगराएवढा, पट्ट्यात रेंगाळतोय."

आत्याने ताट बाजूला सारलं. "काळी, अवाढव्य आणि रेंगाळणारी. म्हणून माझी आठवण झाली होय?"

तेव्हापासून अबोला. आत्या वाढायची, पण बोलायची ती भिंतीशी. रंगाची तपासणी तेवढी बाकी होती. धोंडा जरा उजळ निघाला तर आत्या निवळेल, या आशेवर ती दिवस ढकलत होती.

निकाल दुपारी आला. लोखंडाचा, चांगला चकचकीत. ठिपकी आनंदाने उठली आणि उभ्या उभ्याच तिच्या तोंडचं पाणी पळालं. अंधूक दिसतो म्हणून तिने त्याला काळा धरलं होतं, बाजूला सरकत नाही म्हणून लांबचा, आणि एवढ्या लांबून दिसतो म्हणून डोंगराएवढा. चकचकीत असून अंधूक, म्हणजे तो लहानच होता. पण ठिपका रोज थोडाथोडा उजळत होता. नाकासमोर चालत येणारी वस्तू बाजूला सरकत नसतेच.

वेधशाळेच्या साहेबांनी रस्ता पुन्हा मांडून पाहिला आणि चष्मा काढून ठेवला. "कपाटाएवढाच आहे. वरच जळेल बहुतेक. दिवेलागणीला, आपल्याच डोक्यावर." मग हळूच, "याला पट्ट्यात कुणी टाकलं?"

"मी," ठिपकी म्हणाली आणि धावत सुटली.

घरी पोचली तेव्हा आत्या परसात चादरी पिळत होती. ठिपकीने तिचा हात धरून खेचला, तोच आभाळ पांढरंफटक झालं. सावल्या भिंतीवरून धावत गेल्या. पाठोपाठ असा दणका बसला की सगळ्या गल्लीतल्या खिडक्यांचे दात वाजले. मग काहीतरी शीळ घालत आलं आणि डुबुक करून बादलीत गेलं.

दोघी पुतळ्यासारख्या उभ्या. बादलीच्या बुडातून पाणी वाहत पायांपर्यंत आलं, तरी कुणी पाय हलवला नाही.

अखेर आत्या घरात गेली. फ्रिजवरचं चुंबक घेऊन आली, वाकली आणि बादलीतल्या, जळून काळपट झालेल्या ढेकळाला लावलं. ते खटकन चिकटलं.

"कोळशाला चिकटतं का हे?" तिने विचारलं. भिंतीला नव्हे, ठिपकीला.

"नाही."

"आणि रेंगाळतोय म्हणालीस."

"चुकले, आत्या. तो सरळ आपल्याकडेच येत होता."

"येणारच. माझं नाव घेऊन निघालेला, जाईल कुठे?" आत्याने ढेकूळ पदराने पुसलं, मुठीत तोललं. "बादली मात्र तू आणायचीस."