बारीक आवाज

डॉक्टर गुप्त्यांनी कान तपासायचा दोन टोकांचा पोलादी काटा गुडघ्यावर आपटून मालनच्या कानाशी धरला.

"ऐकू येतंय?"

"हो. घुमतंय."

मग त्यांनी दुसरा, लहान काटा आपटला. त्याची टोकं थरथरताना मालनला दिसत होती. ती वाट पाहत राहिली.

डॉक्टरांनी कागदावर गोगलगायीच्या शंखासारखं वेटोळं काढलं आणि तिच्याकडे तोंड करून सावकाश बोलू लागले. कानाच्या आत असं वेटोळं असतं. त्यात रांगेनं पेशी, प्रत्येकीवर केसांचा बारीकसा झुबका. आवाज आला की केस लवतात आणि पेशी मेंदूला वर्दी देते. दाराजवळच्या पेशी बारीक आवाजाच्या, पार आतल्या जाड आवाजाच्या. मालनला दिलेल्या क्षयावरच्या त्या नव्या इंजेक्शनांनी दाराकडून पेशी मारायला सुरुवात केली होती.

"केस पुन्हा येतील ना?"

"नाही. डोक्यावरच्या केसांसारखे नाहीत ते." डॉक्टर थांबले. "पण हा धोका मी आधीच जयवंतरावांच्या कानावर घातला होता. तुम्हाला विचारतो म्हणाले. दुसऱ्या दिवशी येऊन तुमचा होकार सांगून गेले."

मालननं पदर सावरला.

"हो, हो. बोलले होते ते. मीच विसरले."

जयवंत बाहेर बाकावर बसला होता. घाटकोपरहून मुलुंडच्या घरी येईपर्यंत ती नवऱ्याशी एक शब्द बोलली नाही. तो चपला काढत असताना म्हणाली,

"माझा होकार कधी घेतलात तुम्ही?"

जयवंतचा हात चपलेवरच राहिला.

"तू नाही म्हणाली असतीस. तुझं गाणं, त्या शिकवण्या... मला तू जगायला हवी होतीस."

"मी हो म्हणाले असते."

"मग झालं तर."

"आधी कुंदाला आणवलं असतं. दारात उभी करून का होईना, तिला पोटभर बोलू दिलं असतं."

सहा वर्षांची कुंदा आईच्या सगळ्या आजारपणात सांताक्रूझला आत्याकडे होती. परत येऊन तिला आठवडाच झाला होता. बोलताना ती आता आईचा पदर ओढायला शिकली होती.

मालन पाठमोरी होऊन स्टोव्हला पंप मारू लागली.

थोड्या वेळानं तो म्हणाला,

"मालन, कुंदा दारातून हाका मारतेय तुला. केव्हाची."

तिचा हात थांबला.

"तुमचं येतंय ऐकू," ती म्हणाली, आणि मग दाराकडे वळली.