फांदीच्या घशातली हवा

मित्रांनो, मी काचेचा आहे, वयाने तुमच्या आजोबांच्या बरोबरीचा आहे, आणि मध्यंतरी दोन वर्षं माझ्या अंगावर ‘गळका’ अशी चिठ्ठी चिकटवलेली होती. माझं नाव पोटोमीटर. नावात पोट असलं तरी मला भूक म्हणून लागत नाही. झाडाची फांदी किती पाणी पिते ते मोजायचं, एवढंच माझं काम.

ज्या माणसाने मला घडवलं त्याचा चेहरा मला आठवत नाही, पण त्याची फुंकर आठवते. ज्योतीवर मऊ झालेली काच तो फिरवायचा आणि हलकेच फुंकायचा. त्याने मला एक उभं, रुंद तोंड दिलं. तिथे बुचातून फांदी बसते. त्या तोंडाला जोडून एक बारीक आडवी नळी दिली, तिच्यावर मुंगीच्या पावलांएवढ्या रेघा आखल्या. नळीचं दुसरं टोक वाकवून खाली वळवलं, ते भांड्यातल्या पाण्यात बुडून राहतं. आणि पाठीवर तोटी असलेली एक छोटी टाकी दिली. सगळीकडे पाणी भरायचं, वाकलेलं टोक क्षणभर पाण्याबाहेर काढून हवेचा एकच बुडबुडा आत घ्यायचा, आणि मग बघत बसायचं. पानं पाण्याची वाफ करून उडवतात, फांदी पाणी ओढते, आणि बुडबुडा रेघांवरून फांदीकडे सरकू लागतो. तो पार पुढे गेला की टाकीची तोटी किंचित सोडायची. तो निमूटपणे मागे येतो.

मी आलो तो एका लांब व्हरांड्याच्या टोकाला असलेल्या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत. माझ्या शेजारी कपाटात हृदयाचं मॉडेल होतं, एका बाजूने लाल, दुसऱ्या बाजूने निळं. त्याला फार ताठा. माझ्या ठोक्याशिवाय पायाच्या अंगठ्यापर्यंत रक्त जाणार नाही, असं त्याच्या फुगलेल्या छातीवरूनच कळायचं. मला मात्र झाडांचं जास्त नवल वाटे. झाडाला हृदय नाही, ठोका नाही, तरी मुळातलं पाणी शेंड्यापर्यंत चढतं. पानावरच्या इवल्याशा रंध्रांतून वाफ बाहेर जाते, आणि गेलेल्या थेंबाच्या जागी मागचा थेंब ओढला जातो. थेंबाने थेंबाचा हात धरलेला असतो, अगदी मुळापर्यंत. ती साखळी तुटली की संपलं.

या प्रयोगशाळेचे मामा होते. हुद्दा परिचराचा, पण मुलांपासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणत. माझ्या अंगावरून त्यांनी फिरवलेलं मऊ फडकं मला अजून जाणवतं. काम करता करता ते स्वतःच जुळवलेलं काहीबाही गुणगुणायचे.

मुळाच्या दारी पाणी, पानाच्या दारी वारा,
मधल्या जिन्यात चालती कुणाच्या येरझारा

ज्या दिवशी माझा प्रयोग असे, त्या दिवशी मामा तास सुरू होण्याआधी अर्धा तास येत. बादलीभर पाणी टेबलाखाली ठेवत. मागच्या अंगणातल्या जास्वंदीची फांदी आणत, आणि तिचं देठाकडचं टोक बादलीत बुडवून पाण्याखालीच पुन्हा तिरकं कापत. कात्री पाण्यात, फांदी पाण्यात, आणि मीसुद्धा पाण्यात. तिथेच ते फांदी माझ्या तोंडात बसवत, बुचाच्या कडेने व्हॅसलीन लावत. मुलं येईपर्यंत बादली रिकामी, टेबल कोरडं, आणि मी नवरदेवासारखा सजून उभा. मुलं फक्त बुडबुडा पळताना बघत. जीवशास्त्राचे सर म्हणत, “पोटोमीटर असावा तर असा.” मी फुशारून जात असे.

मित्रांनो, मला वाटायचं, याहून चांगली माया काय असणार. चूक तिथेच होती. ती बादली कुणी पाहिलीच नव्हती. सरांनीही नाही.

सर निवृत्त झाले, मग मामाही. नव्या बाई आल्या. हुशार, मायाळू, पण कामाच्या ओझ्याने दमलेल्या. मामांच्या जागी कुणी आलं नाही. माळी सकाळी फांद्या कापून, कागदात गुंडाळून टेबलावर ठेवून जाई. तास दुपारी. बाईंनी सगळं पुस्तकाबरहुकूम केलं, फांदी बसवली, बुडबुडा घेतला. तो जागचा हलेना. त्यांनी पंखा लावला, खिडकी उघडली, बुचाभोवती बोटभर व्हॅसलीन फासलं. बुडबुडा आपला बसून. तीन आठवडे हेच. शेवटी त्यांनी एक चिठ्ठी लिहिली आणि माझ्या पाठीवर चिकटवली.

मी गळका नव्हतो. पण काचेला तोंड असलं तरी बोलता येत नाही. मी कपाटाच्या खालच्या खणात गेलो. एका कोळ्याने माझ्या आडव्या नळीच्या टोकाशी संसार थाटला. परीक्षा झाल्या की मोडक्या सामानाबरोबर मला टाकून द्यायचं ठरलं.

त्या वर्षी वर्गात एक विद्यार्थिनी होती, इतरांपेक्षा बारा-तेरा वर्षांनी मोठी. एका छोट्या दवाखान्यात ती मदतनीस होती. सकाळी तिथलं काम करायची आणि दुपारी वर्गात बसायची. मुलं तिला ‘सिस्टर’ म्हणत.

“सिस्टर, नाडी बघा ना माझी, ठोके चुकतायत.”

“ठोके बरोबर आहेत तुझे, अभ्यास चुकतोय. वही काढ.”

खरं तर ती अजून सिस्टर नव्हती. जीवशास्त्रात पास झाली तर दवाखाना तिला परिचारिकेच्या शिक्षणाला पाठवणार होता. मागच्या वर्षी ती प्रात्यक्षिकात चार गुणांनी राहिली होती. दवाखान्यातल्या मुख्य परिचारिकेने, मेट्रनबाईंनी, तिला स्पष्ट सांगितलं होतं, “यंदा झालं तर झालं. पुढच्या वर्षी ती जागा दुसरीला.” हे ती बाईंना सांगत होती, तेव्हा मी खालच्या खणातून ऐकत होतो.

प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशी बाहेरून परीक्षक आले. जाड चष्म्याचे, कमी बोलणारे. डब्यातून चिठ्ठी उचलायची, जो प्रयोग येईल तो करायचा. दुसरी चिठ्ठी घेतली तर पाच गुण वजा. सिस्टरने चिठ्ठी उघडली आणि बाईंचा चेहरा उतरला. चिठ्ठ्या जुन्याच होत्या. माझ्या नावाची काढून टाकायची राहून गेली होती.

“अगं, ते उपकरण खराब आहे,” बाई म्हणाल्या. मग परीक्षकांकडे वळल्या. “सर, चूक माझी आहे. हिला दुसरी घेऊ द्या, गुण कापू नका.”

“नियम माझे नाहीत, बाई,” परीक्षक म्हणाले. “दुसरी घेतली की पाच गेले.”

सिस्टरने चिठ्ठीची घडी घातली. “आहे तेच द्या,” ती म्हणाली.

तिने मला खणातून काढलं. कोळ्याचं घर बोटाने हळूच बाजूला केलं, मला धुतलं, कोरडं केलं आणि बाहेरून बोट फिरवत चिरा शोधल्या. सापडल्या नाहीत. मग पाणी भरलं, इतर प्रयोगांसाठी ट्रेमध्ये ठेवलेली सकाळची फांदी बसवली, बुडबुडा घेतला आणि घड्याळ लावलं. पाच मिनिटं. दहा मिनिटं. बुडबुडा पहिल्या रेघेवर तसाच. पलीकडच्या टेबलावर कुणीतरी बेडकाच्या हृदयाची आकृती काढत होतं, पेन्सिल कुरकुरत होती.

तिने बूच तपासलं, तोटी तपासली. पाणी कुठूनही झिरपत नव्हतं. मग ती फांदीकडे बघत राहिली. पानांच्या कडा किंचित मिटल्या होत्या. माणूस तहानलेला असला की त्याचे ओठ दिसतात ना, तशा.

“ही कधी कापली?” तिने विचारलं.

“सकाळी,” बाई म्हणाल्या. “माळ्याने. का?”

“कोरडीच ठेवली होती?”

बाईंनी ट्रेमधल्या कोरड्या कागदाकडे पाहिलं. सिस्टरने बादली मागितली. परीक्षकांनी चष्म्यावरून पाहिलं, पण अडवलं नाही. तिने मला बादलीत आडवं केलं, फांदी काढली, आणि पाण्याखालीच तिचं टोक चांगलं दोन बोटं कापून टाकलं. फांदी पाण्याबाहेर न काढता पुन्हा माझ्या तोंडात बसवली. मित्रांनो, त्या क्षणी मला मामांचे हात आठवले. तेच पाणी, तोच तिरका काप.

मला टेबलावर उभं केलं. बुडबुडा घेतला. तो थबकला, आणि मग निघाला. एक रेघ. दोन. खिडकीतून वाऱ्याची झुळूक आली तशी त्याने चाल वाढवली. बाई खुर्चीतून उठून जवळ आल्या.

“असं का केलंत?” परीक्षकांनी विचारलं.

“सलाईन लावायच्या आधी नळीतली हवा काढतो ना सर आम्ही. हवा रक्तात गेली तर माणसाच्या जिवाला धोका. हिला बाहेर कापली, तेव्हा आतल्या नळ्यांत हवा शिरली असणार. मग पाण्याची साखळी तुटते. तेवढा हवेचा तुकडा कापून टाकला.”

“हे पुस्तकात कुठे आहे?”

“माहीत नाही, सर. वॉर्डात आहे.”

परीक्षकांच्या ओठांचा कोपरा हलला. त्यांनी बुडबुड्याच्या दहा मिनिटांच्या नोंदी स्वतः तपासल्या आणि सही केली. त्या दिवशी संध्याकाळी बाईंनी माझ्या पाठीवरची चिठ्ठी कोमट पाण्याने भिजवून काढली. ओरखडा उठू नये म्हणून नखाने नाही, कापसाने.

निकालात सिस्टर पास झाली. प्रात्यक्षिकात वर्गात सगळ्यांत पुढे. आता ती परिचारिकेच्या शिक्षणाला गेली आहे. मुलं मघाशी सांगत होती, तिला आता चेष्टेने नव्हे, खरंच सिस्टर म्हणावं लागणार.

शाळा पुन्हा सुरू झाल्यावर एक दिवस मामा आले. निवृत्त होताना एका कपाटाची किल्ली त्यांच्या खिशातच राहिली होती, ती द्यायला. त्या वेळी बाईंचा तास चालू होता. बादली टेबलावर होती, खाली नाही. चाळीस मुलं भोवती गोळा झाली होती आणि बाई पाण्याखाली फांदी कापून दाखवत होत्या.

मामा दारातच थांबले. माझ्या चिठ्ठीची हकीकत त्यांना माळ्याने वाटेतच सांगितली होती. “एवढंच होय, बाई? मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल.”

“सांगितलं कुणी होतं, मामा?”

मामांनी मान खाली घातली. मग बाह्या वर केल्या, बादलीजवळ आले आणि म्हणाले, “सरका जरा पोरांनो. काप तिरका कसा घ्यायचा ते बघा.”

मित्रांनो, मला फडक्याने पुसा, आपटू नका, माझ्या नळीत घाण साचू देऊ नका. एवढं तर मी मागेनच. पण ज्या हाताने मला सांभाळाल तो हात झाकून ठेवू नका. जे तुम्हाला येतं ते शेजारच्याला दिसेल असं करा. थेंबाने थेंबाचा हात धरला म्हणूनच पाणी शेंड्याला पोचतं.

माझ्या नळीत आत्ताच एक नवा बुडबुडा घेतलाय. बघा, निघाला.