जोमाचा जिताडा

आश्विनातली सकाळ खाडीवर उतरली होती. ओहोटीचं पाणी ताम्रवर्ण, मंदगती, मौन. काठची तिवरं हरितश्यामल, उघडी मुळं चिखलात रोवून उभी. अशा सुवर्णस्नात प्रभाती माणसाने प्रसन्न असावं. जोमा म्हात्रे मात्र धुमसत होता.

दुपारी त्याचा थोरला भाऊ धर्मा जेवायला येणार होता. कित्येक वर्षांच्या अबोल्यानंतर, वहिनीच्या विनवण्यांनंतर. त्यांच्या घरची रीत अशी, की रुसलेल्याच्या पानात स्वतः धरलेला जिताडा मासा वाढायचा. बाजारातला वाढला, तर धर्मा पानावरून उठून जाईल, हे जोमाला पक्कं ठाऊक होतं.

गळाला जिवंत कोळंबी लावावी, तर चिंबोऱ्या, खाडीतले ते दांडगे खेकडे, ती आधीच फस्त करत. म्हणून यंदा त्याने काही जिग आणले होते, म्हणजे खोटी आमिषं: शिशाचं डोकं, रबरी झालर, झालरीत दडलेला गळ.

तिवराच्या मुळांत जिग लांबून फेकायचा नसतो. जवळ जाऊन, अलगद, सरळ खाली सोडायचा. जोमाने सोडला. मुळाने धरला. ओढला, तुटला. दुसरा सोडला, तोही मुळाने धरला. पाणी शांत, आकाश शांत, आणि जोमाच्या तळपायाची आग मस्तकात!

मग तो उघाडीपाशी गेला, जिथे शेतांचं पाणी दगडांवरून खाडीत उतरतं. तिथे जिग तळाला टेकवायचा, उचलायचा, पुन्हा टेकवायचा, बिळाकडे पळणाऱ्या खेकड्यासारखा. टेकव, उचल. टेकव, उचल. शिसं दगडाशी बोलत राहिलं, मासा मुकाच.

"गील की रं, मेल्या!" जोमा पाण्यावर खेकसला.

आता उरली होती बापाची होडी. जीर्ण, जलमग्न, शेवाळवसना. दुरुस्ती कोणी करायची यावरून दोघे भाऊ भांडले, हटून बसले, आणि होडी बुडाली. तेव्हापासून दोघांत शब्द नव्हता. जोमाने इतके दिवस तिच्याकडे पाहणंही टाळलं होतं. आज तिच्या फुटक्या कुशीत त्याने जिग सोडला.

जिग उतरत गेला. ताठ दोरी अवचित ढिली पडली. जोमा हिसक्याची वाट पाहत उभा राहिला. कोळंबीला मासा हिसका देतो, मगच ओढायचं, ही त्याची जन्माची सवय. आणि इकडे जिताडा जिग तोंडात घेऊन वर येत होता.

"आरं येऱ्या, ढिली परली दोरी! त्यानं घेतलाय! वढ!"

बांधावरून आवाज आला. जेवायला निघालेल्या धर्माचा आवाज.

जोमाने दोरी ओढली नाही. त्याने मान वळवली. त्याच क्षणी पाणी फुटलं, रौप्यदेही, विशालकाय जिताडा उसळला, डोकं झटकलं, आणि दोरी तुटली.

"मासा सोरून माजं थोबार काय बघतंस?" धर्मा कडाडला.

"तू हाक मारलीस म्हणून!" जोमाला संतापाने रडू फुटलं. "इतकी वर्सा नाय मारलीस, आजच कशाला मारलीस?"

धर्माने वहाणा बांधावर काढल्या. मग नवं धोतर खोचून तो चिखलात उतरला, गुडघाभर, मांडीभर. त्याने तुटलेल्या दोरीचं टोक ओढून घेतलं, जोमाच्या पिशवीतला नवा जिग ओवला, गाठ दातांनी आवळली. तोंडाने शिव्या चालू होत्या. ऊन चढत होतं, पाणी ओसरत होतं, आणि एका दोरीला दोन भाऊ धरून होते.