हसरा, समोर बघणारा फोटो

शाल्मली जीपसकट दरीत कोसळली त्याला चार महिने झाले होते, आणि या चार महिन्यांत धम्मप्रियानं केसांना कात्री लावली नव्हती.

शाल्मली म्हणजे टीव्हीवरच्या मालिकेतली धाकटी सून. धम्मप्रिया म्हणजे ती सून करणारी नटी, नांदेडच्या तरोड्यातली, एसटीतून रिटायर झालेल्या व्यंकटराव कंडक्टरची एकुलती एक लेक. जीप सापडली, चप्पल सापडली, बॉडी सापडली नाही. मालिकेत बॉडी सापडत नाही तोवर माणूस जिवंत असतं, हे गल्लीतलं शेंबडं पोरही सांगेल. प्रॉडक्शनच्या माणसानंही तेच सांगितलं होतं. "दोन-तीन महिन्यांचा ट्रॅक आहे. घरी जा, आराम कर. फक्त केस तसेच ठेव, वजन तसंच ठेव, दुसरं काम घेऊ नकोस. परत येशील तेव्हा शाल्मली शाल्मलीच दिसली पाहिजे."

याला त्यांच्यात कंटिन्युइटी म्हणतात. माणूस घरी पाठवून द्यायचा, त्याचे केस, कंबर, चेहरा मात्र आपल्याकडे ठेवून घ्यायचा, आणि वर या लबाडीला इंग्रजी नाव द्यायचं.

तिची आई पारूबाई अंगणवाडी सेविका. लोकांच्या लेकरांची वजनं करून रजिस्टरात भरायची, हे तिचं तीस वर्षांचं काम. आता घरातच सत्तावीस वर्षांची लेक रोज सकाळी काट्यावर उभी राहायची आणि वजन वाढलं नाही म्हणून खूश व्हायची.

"माझ्या अंगणवाडीत असतीस तर तुला लाल रंगात भरलं असतं," पारूबाई म्हणायची. "दोन घास जास्त खा धम्मे. दरीत पडलेली बाई जराशी सुजणार न्हाई का?"

धम्मप्रिया हसायची. पण धपाटं अर्धंच खायची.

संध्याकाळी साडेसातला टीव्ही लागला की शेजारची नागुबाई कूलरसमोर येऊन बसायची, आणि सगळे मिळून शाल्मलीची वाट बघायचे. शाल्मलीही. मालिकेतल्या सासूनं दारावरची बेल ऐकून मान वळवली की धम्मप्रिया पुढं सरकून बसायची. दार उघडायचं. दूधवाला असायचा.

खरं तर तिला डॉक्टर करायचं ठरलं होतं. त्यासाठीच लातूरला क्लास, लातूरला होस्टेल. एक वर्ष गेलं, दुसरं गेलं, मार्क काही जागचे हलेनात. उंची पाच फूट आठ. पोरी तिला खंबा म्हणायच्या. दुसऱ्या वर्षी खोलीतल्या मैत्रिणीबरोबर ती औसा रोडच्या साडीच्या दुकानात गेली. तिथं साडी नेसवायची स्पर्धा चालली होती आणि उभी राहायला उंच पोरगी हवी होती. मालक संगमेश शेठनं तिला बघितलं आणि म्हणाला, "बाई, जरा इकडं उभं ऱ्हाता का?" आयुष्यात पहिल्यांदा उंची कुणाच्या तरी कामी आली. मरून रंगाची नवरीची साडी नेसवली, फोटो काढला. त्या फोटोत ती हसतेय, आणि तिला कुणी हस म्हणालेलं नाही. कुणी खंबा म्हणत नाहीये, एवढंच कारण.

मग पुणे, मग मुंबई. सहा वर्षं रॅम्पवर चालली. तिथं हसायची बंदी असते, म्हणून सहा वर्षं हसली नाही. मग टीव्हीच्या ऑडिशन. ही माणसं गोऱ्या पोरीला तपकिरी फासून सावळी करतात आणि सावळी पोरगी समोर आली की म्हणतात, जरा जास्तच खरी वाटते. बावीस ठिकाणी हे ऐकून तेविसाव्या ठिकाणी शाल्मली मिळाली. तेव्हा पहिलं सांगितलं, "'न्हाई' नाही, 'नाही' म्हणायचं." दुसरं सांगितलं, "नावातलं 'धम्म' काढू. टायटलमध्ये बसत नाही." त्याच टायटलमध्ये दोन-दोन आडनावं लावलेल्या बाया ऐसपैस पाय पसरून बसल्या होत्या. हिचं धम्म तेवढं बसेना. काय बसत नव्हतं ते नांदेडात कळलं, मुंबईत कळलं, तिलाही कळलं. तिनं मान डोलावली. काम हवं होतं.

व्यंकटराव रोज टायटल वाचायचे आणि म्हणायचे, "ही कोन प्रिया? माझ्या लेकीचं नाव कुटं हाय?"

दोनशे भाग झाल्यावर तिनं धीर केला आणि प्रोड्युसरला म्हणाली, सर, माझं पूर्ण नाव टाकाल का? तो गोड हसला. "बघू ना." पंधरा दिवसांनी जीप दरीत गेली. दोन्हींचा संबंध आहे असं कुणी म्हणालं नाही. असं कुणी कधीच म्हणत नसतं.

पूर्ण नाव साऱ्या जगात एकाच ठिकाणी छापलं होतं, लातूरला. मालिका चालू झाल्यावर संगमेश शेठनं तोच जुना फोटो वीस फुटी करून औसा रोडवर लावला आणि खाली लिहिलं, 'आपली धम्मप्रिया'. व्यंकटराव महिन्याकाठी एसटीच्या पासवर लातूरला जायचे, समोरच्या टपरीवर चहा घ्यायचे, आणि फ्लेक्स बघून परत यायचे. दुसरं काही काम नसायचं. या लगीनसराईत शेठनं नव्या फोटोसाठी तिला बोलावलं होतं. केस जरा आखूड करून, रंगवून. तिनं नाही म्हटलं. कंटिन्युइटी.

आणि एप्रिलात एका सकाळी प्रॉडक्शनचा मेसेज आला. 'तुझा एक फोटो पाठव. साडीतला, हसरा, समोर बघणारा. मोठ्या साइजचा. अर्जंट.'

घरात आनंदाला जागा पुरेना. फोटो म्हणजे पोस्टर, पोस्टर म्हणजे शाल्मली परत. व्यंकटराव म्हणाले, "हाव, आता बोलावतेत." धम्मप्रियाकडे हजारो फोटो होते. पण हसरा आणि समोर बघणारा, असा मनापासूनचा एकच होता. तिनं लातूरचा फोटो पाठवला. उलट मेसेज आला, 'परफेक्ट.' नागुबाईनं गल्लीभर सांगून टाकलं. त्या दिवशी धम्मप्रियानं धपाटं पूर्ण खाल्लं.

आठव्या दिवशी साडेसातला मालिका सुरू झाली. मोठा दिवाणखाना, समई लावलेली, घरची माणसं पांढऱ्या कपड्यांत. कॅमेरा सावकाश भिंतीवर चढला. तिथं मरून साडीतली धम्मप्रिया हसत होती, समोर बघत होती. सासूनं पदर डोळ्यांना लावला आणि फोटोला चंदनाचा हार घातला.

नागुबाईनं तोंडावर हात ठेवला. मग म्हणाली, "अगं माय. जित्या लेकीला हार," आणि चप्पल घालायचं विसरून घरी गेली.

व्यंकटरावांनी रिमोट शोधला. तो हातातच होता.

पारूबाई तेवढी जागची हलली नाही. तिनं आपल्या घरच्या भिंतीकडं बोट केलं. "त्यात काय झालं? बाबासाहेबांच्या फोटोला मी रोज सकाळी हार घालते. ते काय मेले?"

धम्मप्रिया मोबाइल घेऊन मागच्या अंगणात गेली आणि प्रॉडक्शनच्या माणसाला फोन लावला.

"अगं सॉरी, सांगायचं राहिलं," तो म्हणाला. "हिरोचं दुसरं लग्न दाखवायचंय. नवी मुलगी फायनल झालीय."

कायद्यानं बेपत्ता माणसाची सात वर्षं वाट बघतात. यांना चार महिने पुरले.

"म्हणजे मी मेले?"

"तसं थेट नाही. फोटोला हार घातलाय फक्त. बॉडी अजून सापडलेली नाही. रायटर म्हणाले, दार उघडं ठेवू. बाकी, फोटो काय सुंदर आलाय गं."

तिनं त्याला शिव्या घालायला हव्या होत्या. तिनं विचारलं, "केस तसेच ठेवू ना?"

"ठेव," तो म्हणाला. त्याला फोन ठेवायची घाई होती.

दोन दिवसांनी संगमेश शेठचा फोन आला. "ताई, राग मानू नका. सकाळी निलंग्याचं वऱ्हाड आलं होतं, बस्ता बांधायला. नवरीच्या आजीनं फ्लेक्स बघितला आणि दारातूनच पाय मागं घेतला. म्हणली, मेल्या बाईची साडी माझ्या नातीला नको."

"मी मेले नाही, शेठ."

"मला म्हाईत हाय वो. पर गिऱ्हाईक टीव्ही बघून बोलतंय. उद्या उतरवावा म्हणतो."

"फ्लेक्स मला द्या. मी येते."

व्यंकटराव बरोबर निघाले नाहीत. उतरताना त्यांना बघायचं नव्हतं. फक्त म्हणाले, "गुंडाळी सीटखाली बसायची न्हाई. मागच्या सीटपाशी उभी कर. आन् लगेजचं तिकीट काढ, फुकट आनू नको."

ती पोचली तेव्हा दोन माणसं सांगाड्यावर चढून दोऱ्या सोडत होती. तोंडाला स्कार्फ बांधून ती बाप चहा घ्यायचा त्या टपरीवर उभी राहिली. ऊन असं, की डोळे उघडे राहीनात. आधी कपाळ पुढं वाकलं, मग डोळे, मग हसू स्वतःवरच दुमडलं गेलं. नाव सगळ्यात खाली होतं, म्हणून ते सगळ्यात शेवटी गेलं. रस्त्यानं जाणाऱ्या कुणी मान वर करून पाहिलं नाही. गेली आठ वर्षं ती या एका फोटोसारखं दिसायला धडपडत होती. कॅमेऱ्यासमोर ते हसू पुन्हा कधी जमलं नव्हतं.

शेठनं गुंडाळी रिक्षात चढवून दिली. "पुढच्या सालाला लोकं विसरतेत ताई. मंग नवीन काढू. पर ह्याचं तुमी काय करनार? लोकं टेम्पो झाकायला नेतेत."

"माझा फोटो आहे," ती म्हणाली.

नांदेडच्या गाडीत तिनं गुंडाळी बापानं सांगितली तशी उभी केली आणि एक हात तिच्यावर ठेवून बसली. फ्लेक्स तापून वास मारत होता. चाकूर गेलं, घामानं जीव नकोसा झाला, तसा तिनं स्कार्फ सोडला. कंबरेपर्यंतची वेणी खांद्यावरून पुढं घेतली.

कंडक्टर आला. गुंडाळीकडं बघून म्हणाला, "लगेज पडंल." मग तिच्याकडं बघितलं आणि मशीनवरचं बोट तसंच राहिलं. "तुमी त्या धाकल्या सूनबाई ना? आमची मंडळी तीन दिवसांपासून नीट जेवली न्हाई तुमच्यापायी."

"त्यांना जेवायला सांगा."

"सांगतो. पर खरं सांगा, तुमी परत येनार हाव का न्हाई?"

खिडकीतून धगीचा झोत आला. तिनं वेणीचं टोक मुठीत धरलं. शेंड्याला केस फाटले होते, दोन बोटं कापायला हवे होते.

"बॉडी सापडली न्हाई अजून," ती म्हणाली.

"तेच म्हणलं मी घरी," कंडक्टर म्हणाला आणि त्यानं लगेजचं तिकीट फाडून तिच्या हातात दिलं.