कोंबडे तुझे, कोंबड्या माझ्या

तिने खुराड्यात हात घातला तशी कोंबडीने मनगटावर चोच मारली. तीही साधी नाही, कातडं धरून पिळणारी.

"मार. अजून मार," ती म्हणाली. "बाकी सगळ्यांचं मारून झालंय, तू तरी का मागे राहतेस."

अंगणात तीन टब मांडलेले होते. एकात साबणाचं कोमट पाणी, दुसऱ्यात नुसतं, तिसऱ्यात पिसांना चकाकी यावी म्हणून चमचाभर व्हिनेगर. खुर्चीवर टॉवेल, केस वाळवायचं मशीन, चोचीला आणि पायांना लावायची व्हॅसलिनची डबी. कोंबड्यांचं प्रदर्शन दोन दिवसांवर आलं होतं. लाँड्रीतल्या इस्त्रीच्या कामावरून आज तिने मुद्दाम रजा काढली होती, आणि ही महाराणी आठवडाभर खुडूक बसून होती. ही जात सहसा खुडूक बसत नाही. अंडं घालते आणि विसरून जाते. नेमकी हिलाच यंदा आईपण सुचलं होतं.

"बसू दे की तिला," नवरा खिडकीतून म्हणाला. तो मोटार ड्रायव्हिंग शिकवायचा. शेजारचा माणूस गाडी थेट भिंतीवर नेत असला तरी आवाज न चढवता बोलायची त्याला सवय होती. "तुझं काय जातंय?"

"माझं प्रदर्शन जातंय. आणि बसून करणार काय ती? कोंबडा नाही घरात. रिकामी अंडी उबवून कुणाचं भलं झालंय?"

"तिला काय माहीत रिकामी आहेत ते."

"मग दाखवते ना तिला."

तिने एक अंडं ओढून काढलं, खुराड्यामागच्या अडगळीच्या खोलीत गेली, दार लोटलं आणि मोबाइलचा टॉर्च लावून त्यावर अंडं धरलं. रिकामं अंडं नुसतं पिवळट उजळतं. हे उजळलं नाही. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल रेघा पसरल्या होत्या आणि मधोमध एक काळा ठिपका होता.

तिने अंडं फिरवलं. रेघा तशाच.

मग तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. या सगळ्या भागात कोंबडा होता एकच, आणि तो तिच्या भावाकडे होता.

वडिलांचं केस कापायचं दुकान होतं. दिवसभर लोकांची डोकी भादरायची आणि संध्याकाळी या पक्ष्यांच्या डोक्यावरचं एक पीस वाकडं होऊ नये म्हणून जिवाचा आटापिटा करायचा, असा तो माणूस. काळंकुट्ट अंग आणि डोक्यावर चेंडूएवढा पांढराशुभ्र टोप. टोपाखाली डोळे झाकलेले, त्यामुळे त्यांना निम्मं जग दिसायचंच नाही. इतका गोल टोप दुसऱ्या कुणाच्या पक्ष्यांना नव्हता. बाबांनी तो वर्षानुवर्षं निवडून, जोड्या लावून आणला होता.

बाबा गेल्यावर दुकानाची, भांड्यांची, बँकेतल्या किडुकमिडुकाची वाटणी शहाण्या माणसांसारखी झाली. भांडण पेटलं ते कोंबड्यांवरून. भाऊ म्हणाला, "जोड्या मी आणि बाबांनी लावल्या. तू नुसत्या आंघोळी घालायचीस."

नुसत्या आंघोळी. थंडीवाऱ्यात ओल्या पक्ष्याला छातीशी धरून एकेक पीस वाळवायचं, टोपाला डाग लागू नये म्हणून दाणापाण्याची भांडी दिवसातून चारदा पुसायची, त्याला हा शहाणा नुसत्या आंघोळी म्हणाला. तेही मामांसमोर.

"असं आहे काय," ती म्हणाली होती. "मग कोंबडे तुझे, कोंबड्या माझ्या. घे. लाव आता जोड्या."

भावाने कोंबडे उचलले आणि चालू लागला. मध्यस्थीला आलेल्या मामांचा कोंबडीशी संबंध आमलेटापुरताच. "बरोबर निम्मे-निम्मे झाले," ते म्हणाले आणि समाधानाने चहा प्यायले. नवऱ्याने काहीतरी सांगायला तोंड उघडलं होतं, पण त्याला कोण विचारतो.

याला दोन वर्षं झाली. भावाचे कोंबडे एकेक करत गेले, म्हातारा तेवढा उरला. तिच्या कोंबड्यांचीही अंडी कमी होत चालली. पुढे काय होणार हे सांगायला ज्योतिषी नको होता. बाबांचं सगळं आयुष्य तिच्या अंगणात आणि त्याच्या अंगणात वेगवेगळं म्हातारं होत होतं. इस्त्री फिरवताना हे आठवलं की ती इतकी दाबायची की मालक म्हणायचा, बाई, कापड जळेल. कुणीतरी एक शब्द टाकला असता तर निभावलं असतं. पण शब्द टाकायचा कुणी? त्याने. चूक त्याची होती.

आणि त्याने शब्द टाकला नाही, कोंबडा टाकला. चोरून. ती कामावर गेलेली पाहून. उद्या पिलं निघाली की दारात उभा राहील, माझ्या कोंबड्याची आहेत म्हणून. दरवर्षी प्रदर्शनात तिच्या पिंजऱ्यासमोरून मान वळवून जाणारा हा माणूस.

"कुठे निघालीस?" नवऱ्याने विचारलं.

"त्याच्या तोंडावर फेकून मारायला," ती म्हणाली आणि अंडं ॲप्रनच्या खिशात घालून निघाली. नवरा पुढे काहीच बोलला नाही. तेव्हाच तिच्या लक्षात यायला हवं होतं.

भावाचं मिक्सर-पंखे दुरुस्तीचं दुकान दोन गल्ल्या सोडून होतं. तो काउंटरवर एका मिक्सरचं पोट उघडून बसला होता. तिला पाहून त्याने पाना खाली ठेवला आणि लगेच परत उचलला.

"तुझा कोंबडा कुठाय?"

"का?"

"का म्हणून मला विचारतोस? मी विचारायचं का. कुठाय तो?"

तो मिक्सरमध्ये पाना फिरवत राहिला. ती काउंटरची फळी उचलून आत घुसली आणि पंख्यांच्या पात्यांमधून वाट काढत मागच्या आवारात गेली. पिंजरा स्वच्छ धुतलेला होता. पाण्याचं भांडं पालथं घातलेलं, कोरडं. कोपऱ्यात बाबा बांधायचे तशी टोप वर बांधायची मऊ पट्टी खिळ्याला अडकवलेली होती. पिंजऱ्याचं दार उघडंच होतं, कारण आता ते लावायचं काही कारण नव्हतं.

भाऊ मागून येऊन उभा राहिला.

"गेला," तो म्हणाला.

"कधी?"

"झाले दहा-बारा दिवस."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"तुला काय सांगायचं? तुझा कुठे होता तो."

तिला हे सणसणीत लागलं. लागलं म्हणून राग आला, आणि हे शब्द मुळात आपलेच आहेत हे कळलं म्हणून आणखी आला.

"मग माझ्या खुराड्यात कशाला आणलास? कुणाला विचारून?"

तो पिंजऱ्याच्या जाळीला बोट लावून उभा राहिला. "खाणं सोडलं होतं त्याने. वाटलं, आता हाही जाणार. बाबांचं सगळं याच्याबरोबर जाणार. दोन-तीन दुपारी घेऊन आलो."

"मागायचं होतंस."

"तू हो म्हणाली असतीस?"

तिला हो म्हणायचं होतं. इतकं सोपं होतं ते. पण खोटं बोलायचा तिला कंटाळा होता.

"नसते म्हणाले."

"मग?"

"तरी मागायचं होतंस. मी नाही म्हटलं असतं, मग तू पुन्हा मागायचं होतंस. तोंडाला काय कुलूप घातलं होतं तुझ्या? कुलपावरून आठवलं. माझ्या खुराड्याला कुलूप असतं. उघडलं कुणी?"

भाऊ हातातल्या पान्याकडे बघत राहिला. किल्ली नवऱ्याच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या जुडग्यात असायची. बसू दे की तिला. तुझं काय जातंय.

"त्याच्याकडे घरी गेल्यावर बघते," ती म्हणाली.

"त्याला काही बोलू नकोस. मीच मागे लागलो होतो. आणि काय उपयोग झाला? म्हातारा झाला होता तो. धड उभं राहवत नव्हतं. फुकटच गेलं सगळं."

तिचा हात खिशात होता. इथवर येताना अंडं कसं फेकायचं, नेम कुठे धरायचा हेसुद्धा तिने ठरवलं होतं. आता तिने पाहिलं तर बोटं त्याच्याभोवती घट्ट मिटली होती, आणि अंडं मघापेक्षा गार लागत होतं.

"तुझ्याकडे चांगला टॉर्च आहे?"

"कशाला?"

"आहे की नाही तेवढं सांग."

जुन्या पंख्यांच्या खोलीत दोघं शिरली. त्याने दार लावलं, तिने अंडं टॉर्चवर धरलं. त्याचा टॉर्च लख्ख होता. रेघा आता मोजता आल्या असत्या. मधला ठिपका जरासा हलला.

दोघांची डोकी एकमेकांवर आपटली. लहानपणी दुकानातल्या कपाटात बाबा अंडं दाखवायचे तेव्हाही आपटायची, आणि मग कोण आधी पुढे घुसलं यावरून मारामारी व्हायची. आज कुणीच मागे झालं नाही.

"डोळा आहे तो," भाऊ म्हणाला. "बाकीची?"

"खुडूक बसलीय त्यांच्यावर. उठत नाही."

"पण तुझं प्रदर्शन?"

"गेलं खड्ड्यात."

तिने टॉर्च बंद केला. अंधारात बोलणं सोपं होतं, आणि राग अजून होता.

"वाटणी ठरल्याप्रमाणेच व्हायची," ती म्हणाली. "कोंबडे तुझे, कोंबड्या माझ्या."

"हो."

"मामांसमोर ठरलंय."

"हो ठरलंय," तो म्हणाला. "पण ताई, टोप पुरता फुटल्याशिवाय यांच्यात नर कोण आणि मादी कोण, बाबांनासुद्धा कळायचं नाही. दोन-अडीच महिने तरी."

हे तिला माहीत होतं. लहानपणापासून माहीत होतं. फक्त दोन वर्षांत पिलंच झाली नव्हती, म्हणून आठवायची वेळ आली नव्हती.

"मग तोवर?"

"तोवर कशी करणार वाटणी?"

तिने दार उघडलं. बाहेरच्या उजेडात भावाची दाढी दिसली. बरीच पिकली होती.

"दुकान बंद कर," ती म्हणाली. "टॉर्च घे. आणि वाटेत माझ्याशी एक शब्द बोलायचा नाही."

त्याने शटर ओढलं. ती अंडं तळहातात धरून पुढे चालत होती, तो दोन पावलं मागे. कोपऱ्यापर्यंत तो खरंच बोलला नाही.

"ताई," मग तो म्हणाला, "सावलीतून नको जाऊस. गार होईल ते."

ती रस्ता ओलांडून उन्हाच्या बाजूला गेली.