मला ट्रेंटमध्ये बुडवायला निघाले होते

मी क्योटोची बाहुली बोलतेय. हात जोडू नका. मी देवी नाही, कधीच नव्हते, आणि ही साधी गोष्ट न समजल्यामुळे यंदा माझ्या जिवावर बेतलं होतं.

मी एका हातून घडले नाही. डोकं करणारा वेगळा, हात करणारा वेगळा, रेशमाचे केस लावणारा वेगळा, किमोनो शिवणारी आणखी वेगळी. डोकं करणारे म्हातारबुवा शिंपल्यांची पूड सरसात कालवून माझ्या चेहऱ्यावर थरावर थर चढवत. चढवता चढवता माझे काचेचे डोळे पार झाकून गेले. मग त्यांनी श्वास रोखून बारीक सुरीने पापण्या चिरल्या आणि मला जग दिसलं. हात जरा हलला असता तर मी जन्माची तिरळी झाले असते. हलला नाही. म्हणून मी कुणाकडेही सरळ बघते, नजर खाली घालायची मला सवय नाही.

क्योटोत इंग्रजी शिकवणाऱ्या एका बाईंनी मला नॉटिंगहॅमला आणलं. त्या गेल्यावर मी एका चॅरिटी शॉपच्या काचेत, कपबशा आणि जुन्या जिगसॉच्या मधे येऊन बसले. तिथून मला प्रमोदिनीने उचललं. ती मूळची नागपूरची, इथे हॉस्पिटलात हाडांची डॉक्टर. तिला चैत्रगौरीपुढच्या आराशीसाठी बाहुली हवी होती.

मला नवल वाटलं नाही. आमच्याकडेही मार्चमध्ये लाल कापड घातलेल्या पायऱ्यांवर बाहुल्या मांडतात. इथल्या पायऱ्या डिलिव्हरीच्या खोक्यांच्या होत्या, एवढंच. आंब्याची डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे आणि व्हिसाच्या गप्पा. मी मजेत होते.

घोळ घातला तो अरुणाबाईंनी. या प्रमोदिनीच्या सासूबाई, दर चैत्रात नागपूरहून येतात. पहिल्याच वर्षी त्यांनी माझ्या कपाळाला ओलं कुंकू लावून नमस्कार केला. शिंपल्याचा थर विरघळला, डाग कायमचा बसला. बाईंची भक्ती खरी होती, म्हणून सोसलं. तेव्हाच डोळे वटारायला हवे होते.

कारण यंदा लॉफ्टमधून खोकं उतरवताना माझी करंगळी तुटली.

"खंडित मूर्ती घरात ठेवू नये," त्या म्हणाल्या. "विसर्जन करून टाकू."

"आई, मूर्ती नाहीये ती. डेकोरेशनसाठी आणलीय."

"तीन वर्षं नमस्कार केलाय मी तिला."

प्रमोदिनी लोकांची हाडं सांधते, पण सासूबाईंपुढे तिचा इलाज चालत नाही.

शनिवारी सकाळी आम्ही ट्रेंट नदीकाठच्या पायऱ्यांवर. प्रमोदिनीच्या लेकीने, दहा वर्षांच्या देविकाने, मला छातीशी धरलं होतं. माझा चेहरा समुद्रातून आला खरा, पण त्याला पाणी सोसत नाही. नाकओठ बघता बघता वाहून जातात. मी घाबरले होते, कबूल करते. पण त्याहून जास्त संतापले होते. एका करंगळीसाठी?

"सोड गं बाळा," आजी म्हणाल्या.

देविका हात पुढे करेना. "आजी, तुझा नी-जॉइंट पण रिप्लेस केला ना?"

"हो. मग?"

"मग तू पण ब्रोकन आहेस. तुला पण रिव्हरमध्ये टाकायचा?"

"देविका, से सॉरी," प्रमोदिनी म्हणाली, पण तिचा आवाज काही चढला नाही.

आजी गुडघा धरून हळूहळू पायरीवर बसल्या. मग त्यांनी मला मांडीवर घेतलं, माझा हात उघडून तुटकं बोट चाचपलं.

"चला घरी," त्या म्हणाल्या. "आधी मला उठवा इथून."

चैत्रगौरीला मी सगळ्यात वरच्या पायरीवर होते, तुटकी करंगळी पुढे करून. एका पाहुणीने कुंकवाचं बोट माझ्याकडे नेलं, तर आजींनी तिचा हात धरला. "तिला नको. बाहुली आहे ती, देविकाची."

तेव्हा पुन्हा सांगते, मला देव करू नका. देवांना तुम्ही बुडवता. मी नऊ बोटांची बाहुली आहे आणि मला अजून पुष्कळ खेळायचं आहे.