शिंगांचा रंग

संपतने ट्रॅक्टरच्या मीटरच्या काचेवर टिचकी मारली. काटा ढिम्म.

"रेस वाढीव!"

सीटवर बसलेल्या बायकोने, कुशाबाईने, दांडा ओढला. इंजिन असं बोंबललं की झाडावरचे कावळे उडाले, पण चार्जिंगचा काटा काही शून्य सोडेना.

वैताग नुसता! दौंडच्या मिस्त्रीने डायनामोचं वायंडिंग नवं भरून दिलं, तरी बॅटरी रोज सकाळी मेलेलीच. मग माणसं गोळा करा, ट्रॅक्टर उतारावर ढकला. आधी हसत येणारी माणसं आता हाक ऐकली की चपला शोधत बसायची. इकडे रानातली ओल उडत चाललेली आणि ज्वारीची पेरणी तशीच. आज संध्याकाळी वरवंडचा हौसराव ट्रॅक्टर बघायला येणार होता. तोवर दुखणं सापडलं नाही, तर ट्रॅक्टर त्याला देऊन टाकायचा, असं संपतने ठरवलं होतं. ठरवलं खरं, पण जीव तुटत होता.

आबांची बैलजोडी विकूनच तर तो आणला होता. जोडी दारातून गेली तेव्हापासून रखमाजीआबा ट्रॅक्टरकडे बघतसुद्धा नसत. लेकाशी बोलताना "तुझं डबडं" म्हणत, तेवढंच.

संपतने डायनामोच्या तारा सोडवून त्याला बल्ब लावला. लख्ख पेटला! म्हणजे डायनामो शाबूत. मग घोडं अडलं होतं पुढे, करंट बॅटरीकडे सोडणाऱ्या कटआउटच्या पेटीत. त्या पेटीची एक काळी तार बोल्टने ट्रॅक्टरच्या अंगाला आवळलेली होती. ती त्याने कितीदा ओढून पाहिली होती, पक्की होती. आज चिडून त्याने बोल्टच काढला.

तारेखाली लाल रंग. चांगला जाड, तुकतुकीत. त्यातून करंट जाणार कसा, कपाळ!

"तार काढून खाली रंग दिलास व्हय गं? आन् परत आवळलीस?" संपत भडकला. पोळ्याला तो बाहेरगावी होता. परत आल्यावर ट्रॅक्टर रंगवलेला दिसला, तेव्हा त्याने बायकोचं कौतुकच केलं होतं.

कुशाबाईने रेस कमी केली.

"म्या न्हाई दिला."

"मग?"

तिने बैलांवाचून रिकाम्या गोठ्याकडे पाहिलं. "आबांनी. तुमाला सांगायचं न्हाई म्हून शपथ घातली व्हती. शिंगांचा रंग उरला व्हता घरात. म्हनले, पोळा हाय, वरवर कशाला रंगवायचं? ती तार उचलून खाली बी दिला. निवद दावला, मग जेवले."

संपतच्या ओठावरची शिवी तिथंच राहिली. डोळे भरून आले, ते त्याने बाहीने पुसले. मग चाकूने रंग खरवडला, पांढरं लोखंड दिसेपर्यंत, आणि तारा जोडून बोल्ट आवळला.

"हां, वाढीव."

काटा थरथरला आणि उजवीकडे सरकला.

"चढला! अवो, चढला!" कुशाबाई सीटवरच उडाली.

काठी टेकत आबा गोठ्यातून आले. सगळं ऐकलेलं दिसत होतं.

"माझ्यापायीच झालं म्हन की."

"ऱ्हाऊ द्या आबा." संपत बायकोकडे वळला. "हौसराव आला तर चहा पाज आन् लावून दे."

आबांनी खरवडलेल्या जागेपाशी वाकून पाहिलं. मग संपतचा दंड धरून त्याला जवळ ओढलं.

"आजून कुठं कुठं लावायचा न्हाई, ते आत्ताच दावून ठेव. फुडल्या पोळ्याला चूक नगं."